दात कशाने घासता? किशोरवयीन आरोग्याच्या ‘केएपी’ प्रश्नावल्यांबद्दल

पेट पास झालेली मुलं-मुली मला अधूनमधून सिनॉप्सिस वाचायला पाठवतात. त्यात एक विषय हमखास असतो: ‘अमुक तालुक्यातील किशोरवयीन विद्यार्थ्यांचे आरोग्यविषयक ज्ञान, दृष्टिकोन आणि सवयी यांचा अभ्यास’. तालुक्याचं नाव बदलतं, प्रश्नावली तीच राहते. निष्कर्षाचं प्रकरण तर न वाचताही सांगता येतं. ज्ञान मध्यम, दृष्टिकोन सकारात्मक, सवयी असमाधानकारक, सबब जनजागृती कार्यक्रम घ्यावेत. मी हे वरून बोलत नाहीये. पोलादपूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी पायलटसाठी नेलेली पहिली प्रश्नावली अगदी याच साच्यातली होती, आणि तिची जी फजिती झाली त्यातूनच ही टीका सुचली आहे.

प्रश्न होता, ‘तुम्ही तंबाखूजन्य पदार्थांचे सेवन करता का?’ नववीच्या सगळ्या वर्गाने ‘नाही’वर खूण केली. वर्गशिक्षक शेजारीच उभे होते, हे एक कारण असेलच. पण मधल्या सुट्टीत मुलींशी गप्पा मारताना एकीने सांगितलं की ती सकाळी आजीबरोबर मशेरी लावते. दुसरी म्हणाली, आमच्याकडे पण. मी म्हटलं, अगं मग तिथे ‘नाही’ का लिहिलंस? ती म्हणाली, ‘ताई, ते दात घासायचं असतं. तंबाखू आमचे आजोबा खातात.’

मुलगी खोटं बोलत नव्हती. तव्यावर तंबाखू भाजून, कुटून केलेली मशेरी तिच्या लेखी ‘सेवन’ नाही. दंतमंजनात तंबाखू वापरायला आपल्याकडे १९९२ पासून बंदी आहे, पण घरच्या तव्यावरच्या मशेरीला कुठली कंपनी आणि कुठलं लेबल? माझ्या तक्त्यात मात्र तंबाखूपुढे शून्य आलं असतं. गंमत म्हणजे आकडेशास्त्राने मला पकडलंही नसतं. क्रॉनबाख अल्फा ०.७ च्या वर आला की आपण खूश होतो. तो फक्त एवढंच सांगतो की उत्तरं एकमेकांशी जुळतात. सगळ्यांनी एकाच दिशेने चुकीचं उत्तर दिलं तरी अल्फाला त्याचा पत्ता लागत नाही. व्हायवात विश्वसनीयता आणि वैधता यांतला फरक विचारतात ना, तो हा.

केएपी म्हणजे नॉलेज, अ‍ॅटिट्यूड, प्रॅक्टिस. ही पद्धत १९५०-६० च्या दशकांत कुटुंब नियोजनाच्या सर्वेक्षणांतून पसरली. लोकांना साधनं माहीत आहेत, ती हवीही आहेत, पण वापरत नाहीत, असं दाखवायचं आणि त्यावर कार्यक्रम उभा करायचा. तिच्यावरची टीकाही जुनीच आहे. नेपाळमध्ये कॅम्पबेल, श्रेष्ठ आणि स्टोन यांनी १९७० च्या दशकात अशा सर्वेक्षणाची उलटतपासणी केली. फॉर्मवर ‘ऐकलं नाही’ असं नोंदवणारे लोक ओळखीच्या बोलण्यात त्याच गोष्टींबद्दल सहज बोलत होते. म्हणजे ‘अज्ञान’ म्हणून छापलेला काही भाग निव्वळ संकोच होता. आपल्या प्रबंधांच्या दुसऱ्या प्रकरणात हे काम क्वचितच दिसतं. दिसतात ते त्याच साच्यातले आधीचे वीस अभ्यास.

माझा मुख्य आक्षेप मात्र या तीन शब्दांच्या क्रमावर आहे. आधी ज्ञान, त्यातून दृष्टिकोन, त्यातून सवय, असं आपण गृहीत धरतो. मग सवय नसेल तर दोष ज्ञानाचा, म्हणजे पर्यायाने मुलाचा. हात धुण्याचं घ्या. पायऱ्या सगळ्यांना पाठ. पण पोलादपुरात पावसाळ्यात ३,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्याच तालुक्यातल्या वाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघावी लागते. तिथे ‘शौचानंतर साबणाने हात धुता का?’ याला ‘कधीकधी’ हे उत्तर आलं, तर ते हंड्यात किती पाणी उरलंय त्याचं मोजमाप आहे. आपण त्याला ‘असमाधानकारक सवय’ म्हणतो.

महाडचं नाव घेतलंय तर चवदार तळ्याबद्दल लिहायलाच हवं. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला, पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेने तळं सगळ्यांना खुलं केलं, तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो लोकांसह तिथे जाऊन पाणी प्यावं लागलं. त्या काळी कुणी तिथे केएपी सर्वेक्षण केलं असतं तर अस्पृश्य मुलांच्या ‘पाणी पिण्याच्या सवयी’ मोजल्या असत्या. मोजायचा दृष्टिकोन दुसऱ्यांचा होता. आज एखादी मुलगी पाळीत बाजूला बसते, तेव्हाही मी तिच्याच दृष्टिकोनाला पाचपैकी गुण देते. तिला बाजूला बसवणाऱ्या आजीला, आईला मी प्रश्नच विचारलेला नसतो.

पाळीवरून आठवलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला एक आकडा तुम्ही सगळे उद्धृत करता: १५ ते २४ वयोगटात स्वच्छ साधनं वापरणाऱ्या मुलींचं देशातलं प्रमाण चौथ्या फेरीत (२०१५-१६) ५७.६ टक्के आणि पाचव्या फेरीत (२०१९-२१) ७७.३ टक्के. पण ‘स्वच्छ’ची व्याख्या वाचली आहे का? पॅड, स्थानिक बनावटीचे नॅपकिन, टॅम्पॉन आणि पाचव्या फेरीत कप. फक्त कापड वापरलं की मुलगी या गणतीतून बाहेर, मग ते साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवलेलं का असेना. उलट सकाळी वाडीवरून एसटीने निघालेल्या आणि शाळेच्या स्वच्छतागृहात पाणी नाही म्हणून संध्याकाळपर्यंत एकच पॅड ठेवणाऱ्या मुलीची नोंद ‘स्वच्छ’मध्ये. जुलैत इथे कापड चार-चार दिवस वाळत नाही, हे मलाही मान्य आहे. त्या महिन्यात पॅडच बरं. पण मग प्रश्न महिन्यागणिक विचारायला हवा, शिवाय किती वेळाने बदलता, कुठे वाळवता, कुठे टाकता हेही. देशभराच्या सर्वेक्षणाला एवढं जमणार नाही, त्याची मर्यादा समजू शकते. तीनशे मुलींचा प्रबंध लिहिणाऱ्याने तीच व्याख्या डोळे मिटून का उचलावी?

आकडा रक्ततपासणीचा असला तरी बेसावध राहू नका. त्याच पाचव्या फेरीत १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला, तर २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयाच्या मुलींत ४० टक्के. वयोगट वेगळे आहेतच, शिवाय एकीकडे बोटाला टोचून घेतलेला थेंब आहे आणि दुसरीकडे शिरेतून काढलेलं रक्त. दोन्ही आकडे एका वाक्यात टाकून ‘घट झाली’ असं लिहिलेला मसुदा मी स्वतः वाचला आहे.

आता जे प्रश्नावलीत नव्हतंच त्याबद्दल. पायलटच्या दिवशी शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, ‘विंचवाचं काही नाही का यात?’ मला ओशाळल्यासारखं झालं. मी ज्या भागात उभी होते, तिथल्या लाल विंचवाच्या दंशावरचं काम जगभर वाचलं जातं. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. दंश झालेले रुग्ण भरपूर घाम, उलट्या, थंडगार हातपाय घेऊन यायचे आणि फुफ्फुसात पाणी होऊन दगावायचे. बावस्करांनी खाटेशेजारी बसून तासातासाच्या नोंदी ठेवल्या, ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, आणि रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध इथे लागू पडतं हे दाखवलं. गंभीर रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण शंभरात पंचवीस-तीसवरून एकाच्या आसपास आलं. महाडमध्येच केलेली त्यांची ७० रुग्णांची चाचणी २०११ मध्ये ‘बीएमजे’त आली. त्यांचा प्रश्न समोरच्या खाटेवरून आला होता.

पेंढा उचलणं, लाकडं आणणं, जमिनीवर अंथरूण घालणं ही इथल्या चौदा वर्षांच्या मुलाची रोजची कामं आहेत. पायात घालण्याआधी बूट झटकतोस का, घाम आणि थंड हातपाय दिसले तर मांत्रिकाकडे आधी नेणार की दवाखान्यात, रात्री वाडीवरून गाडी कोणाची मिळते, हे किशोरवयीन आरोग्याचं ज्ञान नाही तर काय? २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाच्या सहा विषयांत इजा हा विषय आहेही. आपल्या प्रश्नावल्यांत मात्र पिझ्झा-बर्गर आठवड्यातून किती वेळा खाता, हे असतं. पोलादपुरात!

तरी प्रश्नावली फेकून द्या असं मी म्हणत नाही. दोन-तीनशे मुलांबद्दल काही सांगायचं तर ती लागतेच. मी माझी मोडून पुन्हा बांधली. ‘सेवन’ काढलं आणि ‘सकाळी दात कशाने घासता?’ हा साधा प्रश्न घातला. लोहाच्या निळ्या गोळीबद्दल ‘घेता का’ऐवजी ‘मागच्या सोमवारच्या गोळीचं काय केलं?’ असं विचारलं, आणि ‘फेकली’ हा पर्याय सर्वांत वर ठेवला. शिक्षकांना नम्रपणे बाहेर चहाला पाठवलं. मळमळतं, शी काळी होते, हे मग मुलींनी आपणहून लिहिलं.

सॅम्पलिंगचं कोडं अजून सुटलेलं नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांची संमती आणि बारा वर्षांपुढे मुलाचीही लेखी सहमती लागते. इथे आईवडील मुंबईत, मूल आजी-आजोबांकडे. सही गणपतीला किंवा शिमग्याला मिळते. कातकरी वाडीतली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात, त्यामुळे जानेवारीत शाळेच्या हजेरीपटावरून सॅम्पल काढलं की ती मुलं आपोआप गळतात. म्हणून पुढची फेरी ऑगस्टमध्ये, शाळेत नाही तर वाडीवर करायचं ठरवलंय. गाईडचं म्हणणं, त्या दिवसांत घाटाखालचे रस्ते बंद असतात आणि तुझं वेळापत्रक कोलमडेल. एथिक्स कमिटीला सुधारित अर्ज गेल्या सोमवारी दिला आहे.