नार्व्याचे दार : सीमा आणि उंबरठा

मध्ययुगीन कलेत दार ही केवळ येण्याजाण्याची सोय नव्हती. आत कोण व बाहेर कोण याचा निवाडा जेथे होई, तेथेच शिल्पकाराची छिन्नी अधिक बोलकी होई. फ्रान्समधील ओतँ येथील बाराव्या शतकातील कॅथीड्रलच्या दारावर अंतिम न्यायाचे शिल्प आहे. त्याच्या तळपट्टीवर तारण पावलेले एकीकडे, दंडित दुसरीकडे आणि त्यांना विभागणारा तलवारधारी देवदूत दिसतो. धर्मशिक्षण देताना आपणही दाराचा अर्थ बहुधा असाच सांगतो : ख्रिस्त हे दार आहे, आणि आपण आतले आहोत. हा अर्थ अपुरा आहे, असे डिचोली तालुक्यातील नार्वे येथे श्रीसप्तकोटेश्वराच्या दारापुढे उभे राहिले असता जाणवते.

सप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंबांचे कुलदैवत. त्यांच्या सुवर्णनाण्यांवरही या देवाचे नाव आढळते. मूळ देवालय दिवाडी बेटावर होते. बहामनी काळात ते मोडले गेले, विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभारले, आणि 1540 मध्ये पोर्तुगीजांनी ते पाडले. भाविकांनी देव नदीपार नेला. मांडवीचे पात्र ही तेव्हा सत्तेची सीमा होती. नार्वे हे नाव मात्र आज दोन्ही तीरांवर आहे. 1668 मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेने येथे जीर्णोद्धार सुरू झाला, असे दारावरील शिलालेख सांगतो.

या वास्तूचे शिल्पदृष्ट्या परीक्षण केले असता एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. अष्टकोनी बैठकीवरील घुमट मुसलमानी वास्तुपरंपरेची आठवण देतो, सभामंडपाची घडण चर्चच्या दालनाशी नाते सांगते, आणि पुढे दीपस्तंभ उभा आहे. ज्यांनी हे दैवत बेघर केले, त्यांचीच वास्तुभाषा त्याच्या नव्या घरी निःसंकोच वापरली गेली. राज्यकर्त्यांनी सीमा आखली, पण गवंड्याने ती मानली नाही. पैलतीरीही तेच दिसते. दिवाडीवरील पिएदादच्या दफनभूमीतील कपेलमध्ये कदंबकालीन कोरीव छत व दगडी जाळी आजही आहे. आपण आपले मृत जेथे प्रभूच्या स्वाधीन करतो, तेथे आपल्या डोक्यावर दुसऱ्याच्या देवालयाचा दगड आहे.

येथे कलेचा इतिहास संपून आपल्या विवेकाची परीक्षा सुरू होते. वास्तुशैलींच्या या मिश्रणास सलोखा म्हणणे सोपे आहे; परंतु तो दगड कोणी दान केलेला नव्हता. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ताने मधली आडभिंत पाडली असे म्हटले आहे. आपल्या पूर्वसूरींनी मात्र देवालय पाडले आणि आडभिंत उभारली. त्या कृत्यास सुवार्ताप्रसार हे नाव देता येणार नाही.

म्हणून धर्मगुरुबंधूंना व धर्मशिक्षकांना एक नम्र सूचना करावीशी वाटते. योहानकृत शुभवर्तमानातील दाराचा पाठ शिकविताना मुलांना एकदा होडीने दिवाडीहून नार्व्यास न्यावे. परक्याच्या उंबरठ्यावर, पादत्राणे काढून, बाहेर उभे राहिल्यावर दार म्हणजे काय हे अधिक कळते. उंबरठ्याची खरी पारख आतल्याने नव्हे, बाहेर ठेवलेल्याने करावयाची असते. आणि आपला प्रभू तर नगराच्या वेशीबाहेरच मरण पावला.