‘सशर्त’ या शब्दाचे ओझे

अमेरिकेच्या कॅथॉलिक बिशपांनी ३ मे १९८३ रोजी शिकागो येथे २३८ विरुद्ध ९ मतांनी संमत केलेले ‘शांततेचे आव्हान’ हे पाळकीय पत्र आज पुन्हा वाचावयास घेतले, तर त्यातील क्षेपणास्त्रांची नावे जुनी झालेली दिसतात. अण्वस्त्रांविषयीचा मूळ पेच मात्र तसाच उभा आहे. पत्राचा निष्कर्ष आम्हांस अपुरा वाटतो. तथापि त्याची विचारपद्धती ईश्वरविज्ञानाच्या वर्गात अभ्यासिली जावी अशा योग्यतेची आहे, म्हणून प्रथम तिच्याविषयी.

कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन यांच्या अध्यक्षतेखालील पाच बिशपांच्या समितीत लष्करातील श्रद्धावंतांची सेवा करणारे जॉन ओकॉनर होते, तसेच युद्धविरोधी टॉमस गम्बल्टनही होते. समितीने संरक्षणमंत्री कॅस्पर वाइनबर्गर यांच्यापासून शांतिवाद्यांपर्यंत अनेकांचे म्हणणे ऐकून घेतले. मसुदे जाहीर झाले, वृत्तपत्रांत त्यांची चिरफाड झाली. नव्या अण्वस्त्रांची निर्मिती ‘थांबवावी’ या शब्दाऐवजी तिसऱ्या मसुद्यात ‘आवर घालावा’ असा सौम्य शब्दप्रयोग आला. शासनाला तो रुचला. आणि शिकागोच्या बैठकीत बिशपांनी ‘थांबवावी’ हाच शब्द परत आणला. एका क्रियापदासाठी असा उघड खल करणारी धर्मसभा क्वचितच पाहावयास मिळते.

त्याहूनही मोलाची गोष्ट अशी की, पत्रातील सर्व विधानांचे वजन सारखे नाही, हे बिशपांनी स्वतःच सांगितले आहे. निरपराधांची हेतुपुरस्सर हत्या निषिद्ध, हे सार्वत्रिक नीतितत्त्व होय. तेथे तडजोड नाही. परंतु अण्वस्त्रे प्रथम वापरू नयेत, यासारखा निर्णय म्हणजे त्या तत्त्वाचा परिस्थितीला लावलेला विनियोग. त्याविषयी प्रामाणिक श्रद्धावंतांचे मत भिन्न असू शकते. आपला अधिकार कोठे संपतो हे बोलणाऱ्याने आपणहून सांगावे, हे आमच्याकडे विरळाच. (आम्ही धर्मगुरू तर पावसाविषयीही प्रमाणवचनाच्या थाटात बोलतो.)

पत्रातील सर्वांत कणखर परिच्छेद लक्ष्यांविषयीचा आहे. आमची अस्त्रे सोव्हिएत नागरिकांवर, नागरिक म्हणून, रोखलेली नाहीत, असे शासनाने कळविले होते. पत्र हे उत्तर नोंदवते आणि त्याशेजारी एक हिशेब ठेवते: एकट्या मॉस्को शहरात ६० ‘लष्करी’ लक्ष्ये, साऱ्या सोव्हिएत संघात ४०,०००. एवढ्या ठिकाणी मारा झाल्यावर हेतू कितीही शुद्ध असला तरी मृतांच्या संख्येत फारसा फरक उरत नाही. न्याय्य युद्धाच्या परंपरेतील प्रमाणबद्धतेचे तत्त्व येथे इतक्या साधेपणाने उलगडले आहे की, विद्यार्थ्यास वेगळे भाष्य लागू नये.

आणि नेमके येथेच पत्राचे पाऊल अडखळते. शहरांवर मारा नको, आपली शहरे उद्ध्वस्त झाली तरी सूड म्हणूनही नको. प्रथम वापर नको. मर्यादित अणुयुद्धावर विश्वास नाही. वापराच्या जवळजवळ सर्व वाटा अशा बंद केल्यावर, अस्त्रे बाळगून प्रतिपक्षावर धाक ठेवण्यास मात्र ‘कठोरपणे सशर्त’ नैतिक मान्यता मिळते. आधार आहे पोप जॉन पॉल दुसरे यांनी जून १९८२ मध्ये संयुक्त राष्ट्रांस पाठविलेल्या संदेशाचा: धाक हे साध्य नव्हे, निःशस्त्रीकरणाच्या वाटेवरील एक टप्पा या नात्याने तो तूर्त स्वीकारता येईल. पण टप्प्याला मुदत असावी लागते. अट मोडली हे कोणी ठरवावयाचे, केव्हा ठरवावयाचे, आणि मोडली तर श्रद्धावंतांनी काय करावयाचे, यावर पत्र मौन पाळते. शिवाय जे करणे पाप, ते करण्याची खरी तयारी ठेवल्यावाचून धाक बसत नाही. तयारी नसेल तर तो पोकळ ठरतो. हा पेच लेखकांस दिसला होता, पण त्यांनी त्याला वळसा घातला. १९८८ च्या फेरआढाव्यातही तीच सशर्त मान्यता कायम राहिली. मेथॉडिस्ट बिशपांनी १९८६ मध्येच धाकाला मंडळीचा आशीर्वाद नाकारला होता. कॅथॉलिक बाजूने अण्वस्त्रे केवळ बाळगणेही निषेधार्ह आहे, असे पोप फ्रान्सिस यांनी म्हटले ते नोव्हेंबर २०१७ मध्ये. टप्पा चौतीस वर्षे चालला.

या मौनाची किंमत धोरणकर्त्यांपेक्षा कामगारांनी अधिक मोजली. टेक्सासमध्ये अमारिलो शहराजवळ पॅन्टेक्स कारखान्यात अमेरिकेच्या अण्वस्त्रांची अंतिम जुळणी होई. तेथील बिशप लिरॉय मॅथिसन यांनी १९८१ मध्ये कामगारांस हे काम सोडण्याचा विचार करावा असे आवाहन केले. दोन वर्षांनी आलेल्या या पत्राने जो सद्‌सद्‌विवेकाने काम सोडील त्यास आधार, आणि जो राहील त्यासही मार्गदर्शन व आधार देऊ केला. ही करुणा खोटी नव्हे. परंतु दोघेही शनिवारी पापनिवेदनास आले, तर धर्मगुरूने कोणास काय सांगावे?

आपल्या देशापुरते पाहू. ४ जानेवारी २००३ रोजी जाहीर झालेल्या भारताच्या अण्वस्त्रधोरणात प्रथम वापर न करण्याची भूमिका आहे, आणि या पत्राच्या कसोटीवर ती बव्हंशी उतरते. रासायनिक वा जैविक हल्ल्याचा अपवाद मात्र उतरत नाही. त्याच धोरणात असेही म्हटले आहे की, प्रथम हल्ल्यास दिलेले प्रत्युत्तर प्रचंड व शत्रूस असह्य हानी पोहोचविणारे असेल. ती हानी शहरांवाचून कशी व्हावयाची? पहिल्या वाक्याचा अभिमान आम्ही अनेकदा ऐकला आहे. दुसऱ्या वाक्यावर प्रवचन प्रस्तुत लेखकाने आजवर ऐकलेले नाही, आणि दिलेलेही नाही.