कर्नल कॉर्बेटची शाळा

दिवाळीच्या सुट्टीत फराळाचे ताट बाजूला सारून नरभक्षक वाघाच्या गोष्टीत बुडून गेलेले एखादे मूल ज्या घरात नाही, असे घर विरळा. जिम कॉर्बेट आपल्याला ठाऊक आहे तो त्या गोष्टींमुळे. बंदूक, मचाण, रात्रीचा काळोख आणि खाली कुठेतरी दबकत येणारे जनावर, एवढ्या सामग्रीवर त्याने तीन पिढ्यांची झोप उडवली आहे. परंतु १९४४ साली, ज्या वर्षी मुंबईच्या ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने त्याचे ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ प्रसिद्ध केले त्याच वर्षी, हा गृहस्थ एक निराळीच नोकरी करीत होता हे फारसे कोणी सांगत नाही. तो मास्तर झाला होता.

वय सत्तरीला टेकलेले. अंगावर लेफ्टनंट कर्नलचा गणवेश. शाळेचे गाव छिंदवाडा, म्हणजे आपल्या नागपूरच्या उत्तरेचे, त्या वेळच्या मध्यप्रांतातले. विद्यार्थी कोण? तर ब्रह्मदेशच्या आघाडीवर जाणारे सैनिक. १९४२ साली जपान्यांपुढून माघार घेताना त्या अरण्यांत माणसे गोळीने मेली, त्याहून किती तरी उपासाने आणि तापाने मेली. त्यामुळे शत्रूच्या आधी रानाचेच भय सैन्यात पसरले होते. पाणी कोठे शोधावे, काय खावे, दिशा कशी ओळखावी, कोणता आवाज कशाचा, हे शिकवायला सरकारने या म्हाताऱ्या शिकाऱ्याला बोलावले. ही नोकरी अल्पकाळाची होती. स्वतः कॉर्बेट तिच्याविषयी अगदी हात राखून लिहितो. मात्र नऊ वर्षांनी, १९५३ साली, त्याचे ‘जंगल लोअर’ निघाले. ते त्या शाळेचे उशिरा छापलेले क्रमिक पुस्तक आहे, अशा समजुतीने मी ते वाचतो. शिकारकथा म्हणून ते हाती घेणारे वाचक निराश होतात. पहिल्याच पुस्तकासारखी धडधड येथे नाही. मास्तर म्हणून वाचणाऱ्याला मात्र ते सोडवत नाही.

त्याचा आरंभच पाहा. कालाढुंगीजवळ बोर नदीचा पूल, रात्रीची वेळ, पुलावर बसलेली चौदा मुले, आणि त्यांना भुतांच्या गोष्टी सांगणारा डॅन्से नावाचा आयरिश मनुष्य. त्याच्या मुलखात ‘बॅन्शी’ नावाची एक किंचाळणारी हडळ असते; आपली चुडैल तिच्यापुढे काहीच नाही असे तो सांगतो. पुढे एकदा वाऱ्याच्या दिवशी लहानग्या जिमला रानात ती किंकाळी प्रत्यक्ष ऐकू येते. तो जीव घेऊन पळतो. मग त्या पळण्याचीच त्याला लाज वाटते. धीर करून तो परत जातो आणि पाहतो, तर एक झाड दुसऱ्यावर कलले आहे आणि वाऱ्याबरोबर लाकडावर लाकूड घासते आहे! बॅन्शी ती हीच. येथे एखादा उपदेशक लेखक ‘मुलांनो, भिऊ नका’ असे सांगून मोकळा झाला असता. कॉर्बेट तसे म्हणत नाही. भय त्याला पुढेही आयुष्यभर वाटत राहिले आणि ते तो लपवीत नाही. त्या दिवसापासून एवढेच झाले की भ्यायल्यावर पळण्याआधी तो कान देऊन ऐकू लागला. साऱ्या पुस्तकात मला या प्रकरणाइतके मोलाचे दुसरे वाटत नाही.

आता या मास्तराचा मास्तर कोण? त्यासाठी आदल्या वर्षीच्या, १९५२ च्या, ‘माय इंडिया’ या पुस्तकाकडे वळले पाहिजे. तेथे कुंवरसिंग नावाच्या ठाकुराचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. हा एका गावचा मुखिया, आणि सरकारी रानातला पट्टीचा चोरटा शिकारी. पोराच्या हाती पहिली बंदूक आलेली पाहून तो त्याला सांगतो, आता तू कुठल्याही रानात बेलाशक जा, पण आधी झाडावर चढायला शीक. आणि नुसते सांगून थांबत नाही. हरसिंगाची हकिकत ऐकवतो. हरसिंगाला झाडावर चढता येत नव्हते. वाघाने त्याला बुंध्याशी दाबून धरले, आणि कुंवरसिंगाने हवेत बार काढल्यावर जाताना त्याचे पोट फाडून गेला. मग बाहेर आलेले सारे आत सारून, वर पागोटे घट्ट बांधून, दोघे पायी चालत दवाखान्यात गेले. हरसिंग त्यातून जगला, हे विशेष. पहिल्याच धड्याला असा दाखला मिळाल्यावर कोणता विद्यार्थी तो विसरेल? आम्ही वर्गात व्याकरण शिकवतो तेव्हा आमच्याकडे एकही हरसिंग नसतो.

‘जंगल लोअर’मध्ये कॉर्बेटने पक्ष्यांची सहा गटांत वाटणी केली आहे. शास्त्रज्ञ हसतील अशीच ती आहे. काही पक्षी निसर्गाची बाग शोभिवंत करणारे, हळद्यासारखे, काही गाणारे, काही बी पसरून रान वाढवणारे, धनेश किंवा बुलबुल, काही धोक्याची सूचना देणारे, कोतवाल, सातभाई, रानकोंबडा, मग तोल राखणारे गरुड-घुबडे, आणि शेवटी साफसफाई करणारी गिधाडे. चोच, पिसे, अंडी यांचा येथे प्रश्न नाही. हा प्राणी रानात कोणते काम करतो आणि त्यावरून मला काय कळते, एवढाच प्रश्न. वाटाड्याला लागते ती हीच वाटणी. कोतवाल ओरडला, मागोमाग वानर खोकले, चितळ बोलले, की बिबळ्या कोणत्या अंगाने निघाला आहे हे न बघता कळते.

हे वाचताना मला माझी एक फजिती आठवते. आमची सहल घाटमाथ्यावरच्या एका किल्ल्यावर गेली होती. उतरताना धुके आले आणि वाट हरवली. चाळीस मुले माझ्या तोंडाकडे बघत होती. वर्गात अष्टदिशा न सांगता आल्याबद्दल ज्याला मी आठवडाभर मागच्या बाकावर उभा केला होता, तो धनगरवाड्याचा मुलगा म्हणाला, “गुरुजी, गप करा सगळ्यांना. म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजतीया.” सगळे गप्प झाले तेव्हा मलाही ती ऐकू आली. घंटेच्या रोखाने पाणवठा, पाणवठ्यापासून पायवाट, आणि तासाभरात आम्ही खाली. त्याला आग्नेय आणि नैर्ऋत्य आजही सांगता येणार नाही.

हल्ली रानात जगून दाखवण्याचा धंदा दूरचित्रवाणीवर जोरात चालतो. बेअर ग्रिल्स या इंग्रज शिक्षकाच्या कार्यक्रमाचा एक भाग २०१९ साली कॉर्बेटच्याच नावाच्या अभयारण्यात चित्रित झाला. आपले पंतप्रधान त्यात पाहुणे होते. त्या कार्यक्रमाच्या नावातच माणूस एका बाजूला आणि रान दुसऱ्या बाजूला असा सामना आहे. बघायला मौज वाटते, नाही असे नाही. पण कॉर्बेटला रानातून सुटून जायचे नसते. ते त्याचे अंगण आहे.

तरीही एका ठिकाणी माझे त्याच्याशी भांडण आहे. पुस्तक विस्कळीत आहे, प्रकरणे अध्येमध्ये भरकटतात, साठ वर्षांपूर्वीची संभाषणे त्याला जशीच्या तशी कशी आठवली अशी शंका येते. हे सारे मी सोडून देतो. माझा प्रश्न असा की, रानाची ही विद्या कुंवरसिंगाजवळ होती तेव्हा कायद्याने तो चोर ठरला. तीच विद्या कॉर्बेटजवळ आली तेव्हा तो कर्नल आणि शिक्षक ठरला. ज्या सरकारने रानाभोवती कायद्याचे कुंपण घातले, त्याच सरकारला युद्धात ती विद्या उसनी घ्यावी लागली. कॉर्बेट आपल्या गुरूचे नाव कोठेही लपवत नाही. त्याचे उपकार तो मोकळेपणाने मानतो. मात्र ज्याला चोर म्हटले गेले त्याला ‘चोरटा शिकारी’ हे विशेषण तो कौतुकाने लावतो आणि पुढे जातो. ते विशेषण कोणी दिले, आणि का, याकडे त्याची नजर वळत नाही. वाळलेल्या पानावरचा ओरखडा वाचणारा माणूस समोरची एवढी मोठी खूण कशी चुकवतो? छिंदवाड्यात सैनिकांसमोर उभे राहून त्याने कधी कुंवरसिंगाचे नाव घेतले असेल का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

कॉर्बेट १९४७ साली केनियात गेला आणि १९५५ साली तेथेच वारला. ‘माय इंडिया’ त्याने त्या परमुलखात बसून लिहिले. त्यातल्या त्या प्रकरणाचा शेवट असा आहे: कुंवरसिंग अफूच्या आहारी जाऊन मरणाच्या दारी पडलेला असतो, घरच्यांनी आशा सोडलेली असते. शिष्य धावत येतो, त्याच्याजवळ बसतो, आणि त्याच्या हाती त्याचेच जानवे देऊन पुन्हा अफूला शिवणार नाही अशी शपथ घ्यायला लावतो. म्हाताऱ्याने ती पाळली. पुढे आणखी काही वर्षे तो जगला.