मालाड ते मालाड, व्हाया दहिसर

मराठीत प्रवासवर्णन लिहायला आधी बोट लागायची, मग विमान. अनंत काणेकर रशिया बघून आले आणि 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०) आलं. पु. लं.ची 'अपूर्वाई' १९६०ची. मीना प्रभूंनी लंडनपासून सुरुवात केली आणि एकेक देश पुस्तकात आणला. ही पुस्तकं आवडीची आहेत, त्यांच्याशी भांडण नाही. पण त्यांच्यामुळे एक समज पक्का झाला: प्रवास म्हणजे रजा टाकून केलेला.

मालाड ते चर्चगेट जवळपास तीस किलोमीटर. कामाचे दिवस तीनशे धरले, तर जाऊन-येऊन वर्षाचे सतरा हजार किलोमीटर सहज होतात. लंडनला जाऊन परत यायला एवढे लागत नाहीत. तरी या माणसाला आपण 'प्रवासी' फक्त रेल्वेच्या उद्घोषणेत म्हणतो. त्याच्या वाट्याला प्रवासवर्णन येत नाही, ललित येतं. चौथी सीट, डब्यातलं भजन, भाजी निवडणाऱ्या बायका, आणि पाऊस झाला की मुंबईचं स्पिरिट. हे लेखन मला आता वाचवत नाही. त्यात गर्दीचं कौतुक असतं, पण गर्दी का आहे हा प्रश्न नसतो. घर मालवणीत आणि काम फोर्टात असं का झालं, पासाचे पैसे पगारातून किती जातात, एसी लोकल समोरून गेली तरी चढता का येत नाही, याबद्दल लेखक गप्प. राजकारण आलं की ललित बिघडतं, असं बहुतेक आपल्याला कोणीतरी शिकवलंय.

म्हणून विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास' पुन्हा वाचावं. फोनवरच वाचा, लोकलमध्ये. आपण ते १८५७चं पुस्तक, झाशीच्या राणीचं पुस्तक म्हणून ओळखतो. पण गोडसे भटजी पेणजवळच्या वरसईहून निघाले ते बंड बघायला नव्हे. घरी दारिद्र्य, डोक्यावर कर्ज. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, अशी बातमी आली आणि हे काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. म्हणजे कामासाठी परगावी जाणारा माणूस. वाटेत शिपाई भेटतात, बातम्या आणि अफवा कानावर येतात, पुढचा रस्ता सुरक्षित आहे का ते माणसांना विचारून ठरवावं लागतं. कुठे काय मिळालं आणि कुठे लुटलं गेलं, हे तो सांगतो. झाशीचा वेढा आणि नंतरची कत्तल त्याने आतून पाहिली. काल्पीच्या वाटेवर थकलेली, तहानलेली राणीही त्याला विहिरीपाशी भेटते. इतिहास त्याच्या पोटापाण्याच्या वाटेवर आडवा आला, म्हणून तो पुस्तकात आहे. १८८३च्या सुमारास हे लिहिलं गेलं आणि चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली छापलं.

त्याला मर्यादा आहेत. दक्षिणेसाठी निघालेल्या ब्राह्मणाची नजर जिथवर पोचते, तिथवरच पुस्तक पोचतं. वाटेवर ओझी वाहणाऱ्यांची हकीकत त्यात शोधायला गेलात तर हाती फार लागत नाही. पण पैसा, भीती, बातमी आणि सत्ता या चारही गोष्टी एकाच रस्त्यावर दिसणं, हे मला नंतरच्या देखण्या प्रवासवर्णनांत क्वचित सापडतं.

आजच्या रस्त्यावरची बातमी कुठे मिळते? एम-इंडिकेटरमध्ये. सचिन टेके यांनी २०१०च्या सुमारास आणलेलं हे ॲप इथल्या बहुतेक फोनमध्ये असतं, आणि त्यात ट्रेन चॅट आहे. गाडी कुठे अडकली, कितीने उशिरा, कोणत्या प्लॅटफॉर्मवर येतेय. मधेच कोणी शिव्या घालतं, कोणी रेल्वेची बाजू घेतं, मग मराठी-हिंदी-गुजराती वाद, की पुन्हा गाडी. व्याकरण नाही, शैली नाही. तरीही वाटसरूंनी एकमेकांना वाट सांगायची जुनी रीत इथे जिवंत आहे, आणि राजकारण तिला न बोलावता येतं. इन्स्टावरच्या 'मुंबई मान्सून' रीलपेक्षा हा मजकूर मला जास्त खरा वाटतो. रीलमध्ये फोन नुसता कॅमेरा असतो.

मालाडचा नकाशाच बघा. मेट्रोच्या २ए आणि ७ या मार्गिका जानेवारी २०२३पासून पूर्ण धावतात. पश्चिमेला लिंक रोडवर मालाड पश्चिम स्टेशन, पूर्वेला हायवेवर कुरार. दोन्ही मार्गिका उत्तर-दक्षिण, मालाडच्या रेल्वे स्टेशनपर्यंत एकही येत नाही. कुरारहून मालाड पश्चिमेला मेट्रोनेच जायचं म्हटलं तर वर दहिसरपर्यंत जायचं आणि पुन्हा खाली यायचं. मालाडहून मालाडला, व्हाया दहिसर! हा विनोद नकाशात आहे, पण कुठला प्रवास मोजायचा हे ज्यांनी ठरवलं त्यांच्या डोळ्यांसमोर कामाला दक्षिणेकडे जाणारा माणूस होता. कुरारहून मालवणीला घरकामाला जाणारी बाई नव्हती. तिच्यासाठी पूल, सबवे आणि शेअर रिक्षा.

आणि लिंक रोडला मॉलबाहेर बाईक लावून ऑर्डरची वाट बघणारी मुलं. गोडसे भटजींच्या सर्वांत जवळ मला तीच वाटतात. पोटासाठी वाटेवर, पुढचा मुक्काम दुसऱ्याच्या हाती. त्यांना वाट कोणाला विचारावी लागत नाही, फोन सांगतो. किती मिनिटांत पोचायचं आणि त्याचे किती रुपये, हेही फोनच सांगतो. भटजींची दक्षिणा यजमान देत असे, त्याचं तोंड तरी दिसायचं. या मुलांच्या प्रवासाची नोंद दर फेरीला होते, तारीख-वेळ-अंतरासकट, पण ती त्यांनी लिहिलेली नसते. जुलैत मालाडचा सबवे तुंबला की स्क्रीनवर नऊ मिनिटं दिसतात, समोर कमरेएवढं पाणी असतं. त्या मधल्या वेळात तो मुलगा काय करतो, कोणाला विचारतो, कुठून वळसा घालतो, ते मला त्याच्याकडून वाचायचं आहे.