मुलीला ठाऊक होतं

डेटा अ‍ॅनालिटिक्सवरचं कुठलंही प्रेझेन्टेशन घ्या, त्याची बांधणी कीर्तनासारखी असते. आधी पूर्वरंग: आलेख, टक्केवारी, 'डेटा म्हणजे नवं तेल' छापाचं एखादं वाक्य. श्रोते टेबलाखाली फोन धरून बसलेले असतात. मग उत्तररंग सुरू होतो, बुवा आख्यान लावतात आणि माना वर होतात. आख्यानं ठरलेली आहेत. बिअर आणि डायपरचं, वादळ आणि पॉप-टार्टचं, नेटफ्लिक्स आणि 'हाउस ऑफ कार्ड्स'चं. आणि सगळ्यांत लाडकं म्हणजे टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीचं, जिला म्हणे एक मुलगी गरोदर असल्याचं तिच्या बापाच्या आधी कळलं.

मी काही वर्षं एका अ‍ॅपसाठी नोटिफिकेशनचा मजकूर लिहितोय, त्यामुळे ही आख्यानं कानावरून पुष्कळदा गेली आहेत. कॉन्फरन्स रूममध्ये, झूमवर, एकदा तर लग्नाच्या पंगतीत. आपण ती माहिती म्हणून ऐकतो आणि पुढे सांगतो. पण त्या गोष्टी आहेत, आणि गोष्टीला आपण एरवी जे प्रश्न विचारतो ते यांना कुणी विचारत नाही. सांगणारा कोण? कुणाच्या नजरेनं सांगतोय? कोण बोलतं, कोण गप्प आहे?

बिअर-डायपरपासून सुरुवात करू, कारण ती सगळ्यांत जुनी. तिचं आज फिरणारं रूप असं: वॉलमार्टच्या लक्षात आलं की शुक्रवारी संध्याकाळी तरुण बाप डायपर घ्यायला येतात आणि सोबत बिअर उचलतात, मग दोन्ही वस्तू शेजारी मांडल्या आणि विक्री धो धो वाढली. मूळ प्रकरण १९९२ सालचं. दुकान वॉलमार्ट नव्हे, ऑस्को ड्रग. टेराडेटा कंपनीच्या थॉमस ब्लिशॉक यांच्या गटानं पंचवीसेक दुकानांमधली सुमारे १२ लाख बिलं तपासली, तेव्हा संध्याकाळी ५ ते ७ या वेळात या दोन वस्तू एकत्र घेतल्या जातात असं दिसलं. इतकंच. दुकानानं त्यावरून वस्तू हलवल्याच नाहीत. शुक्रवार नंतर चिकटला, तरुण बाप नंतर आला, आणि वाढलेली विक्री शेवट गोड व्हावा म्हणून आली.

लोककथा फिरते ती अशीच. मला त्यात रस वाटतो तो तरुण बापामध्ये. बिलावर गिऱ्हाइकाचं वय छापलेलं नसतं, तो बाप आहे की मावशी हेही नसतं. आकड्यांत एक रिकामी जागा होती आणि सांगणाऱ्यांनी तिथे आपल्या ओळखीचा माणूस आणून बसवला: बायकोनं पिटाळलेला, दमलेला, बाळाच्या निमित्तानं स्वतःची सोय करून घेणारा. शिवाय त्या आकड्यावरून करायचं काय, हे आकडा सांगतच नाही. दोन्ही वस्तू शेजारी मांडता येतात. किंवा दुकानाच्या दोन टोकांना, म्हणजे गिऱ्हाईक मधल्या सगळ्या मांडण्यांवरून चालत जाईल. एकाच आकड्यातून दोन उलटे निर्णय निघतात आणि दोन्ही शहाणपणाचे वाटतात. व्यवसायातला निर्णय तिथे सुरू होतो, आख्यान मात्र तिथेच संपतं.

पॉप-टार्टची गोष्ट मला या सगळ्यांत प्रामाणिक वाटते. २००४ साली फ्लोरिडाकडे फ्रान्सिस नावाचं चक्रीवादळ येत होतं. काही आठवड्यांपूर्वी चार्ली नावाचं वादळ येऊन गेलं होतं, तेव्हा काय खपलं ते वॉलमार्टनं तपासलं. स्ट्रॉबेरी पॉप-टार्ट (भाजायची गरज नसलेला, टिकणारा गोड खाऊ) नेहमीच्या सातपट खपला होता. आणि वादळाआधी सगळ्यांत जास्त खपणारी वस्तू बिअर होती. ट्रक भरून रवाना झाले. इथे प्रश्न स्वच्छ होता, तारीख माहीत होती, आणि गिऱ्हाइकाच्या मनात शिरायची गरज नव्हती. म्हणूनच बहुधा ही गोष्ट कमी सांगितली जाते. तिच्यात चमत्कार नाही, गोदाम आहे.

'हाउस ऑफ कार्ड्स'वर फार वेळ घालवत नाही. २०१३ साली ही मालिका गाजली आणि डेटानंच ती घडवली असं सगळ्यांनी मानलं. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीनं, तोच डेटा हाताशी असताना, 'मार्को पोलो' नावाची भलतीच खर्चिक मालिका काढली आणि दोन सीझनमध्ये गुंडाळली. तिची स्लाइड मी अजून पाहिलेली नाही.

आता टार्गेट. ही गोष्ट चार्ल्स ड्युहिग यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिन'मधल्या दीर्घ लेखात सांगितली, फेब्रुवारी २०१२मध्ये. अँड्र्यू पोल नावाचा संख्याशास्त्रज्ञ २००२ साली टार्गेटमध्ये रुजू होतो. मार्केटिंगवाले त्याला विचारतात, एखादी गिऱ्हाईक गरोदर आहे हे ओळखता येईल का, तिला आपल्याला कळू द्यायचं नसलं तरी? ही घाई कशासाठी, तर मूल जन्मलं की त्याची नोंद सार्वजनिक होते आणि सगळ्या कंपन्या एकदमच तुटून पडतात. टार्गेटला त्याआधी पोचायचं होतं. मूल येतं त्या काळात घराच्या खरेदीच्या सवयी सैल झालेल्या असतात. तेव्हा जे दुकान पकडीत घेतं, ते वर्षानुवर्षं धरून ठेवतं.

पद्धत साधी होती, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक क्रमांक. कार्ड वापरलं, कूपन वापरलं, वस्तू परत केली, हेल्पलाइनला फोन केला, की सगळं त्या क्रमांकाखाली जमा. (आपल्याकडे हे काम दहा आकडी मोबाइल नंबर करतो. औषधाच्या दुकानात पैसे देण्याआधी तोच विचारतात. नंबरासाठी गिऱ्हाइकाला अडवू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२३मध्ये दुकानदारांना बजावलं होतं; काउंटरवरचा प्रश्न आहे तिथेच आहे.) काही बायकांनी भेटवस्तूंच्या यादीसाठी आपल्या बाळंतपणाची तारीख स्वतःहून दुकानाला दिलेली होती. पोलनं त्यांची बिलं उलगडली. अमुक महिन्यात बिनवासाचं लोशन, कॅल्शियम-मॅग्नेशियम-झिंकच्या गोळ्या, शेवटी शेवटी कापसाचे मोठे पुडे. अशा पंचवीसेक वस्तू मिळून एक गुण ठरला आणि तो बाकीच्या सगळ्या बायकांना लावण्यात आला.

मग येतो तो प्रसंग. मिनियापोलिसजवळच्या दुकानात एक बाप तावातावानं येतो: माझी मुलगी शाळेत आहे, तिला पाळण्यांची आणि बाळाच्या कपड्यांची कूपनं कसली पाठवता? मॅनेजर माफी मागतो. काही दिवसांनी तो पुन्हा माफीसाठी फोन करतो, तर बापच ओशाळलेला. माझ्या घरात काय चाललंय याचा मलाच पत्ता नव्हता, म्हणतो. ऑगस्टमध्ये बाळंत होणार आहे ती.

ड्युहिगच्या लांबलचक लेखात हा प्रसंग चार-पाच परिच्छेदांचा. त्याच दिवशी 'फोर्ब्ज'मध्ये कश्मीर हिल यांनी या लेखावर मजकूर लिहिला आणि मथळ्यात सांगितलं की शाळकरी मुलीचं गरोदरपण टार्गेटनं बापाच्या आधी ओळखलं. पुढे जगभर फिरला तो हा मथळा. मूळ लेख किती जणांनी वाचला देव जाणे.

आता तो मथळा नीट वाचा. बापाच्या आधी. मुलीला ठाऊकच होतं. लोशन तिनं घेतलं असेल, गोळ्या तिनं घेतल्या असतील. कुणाला काय सांगायचं, कधी सांगायचं, हे ती ठरवत असेल. गोष्टीत आश्चर्याचा धक्का बसतो तो बापाला, मॅनेजरला आणि आपल्याला. आपण हॉलमध्ये बसून 'बापरे' म्हणतो तेव्हा बापाच्या खुर्चीत बसलेले असतो. मुलीला एकही वाक्य नाही. बाप आणि मॅनेजर, दोन पुरुष, तिच्या पोटाबद्दल फोनवर बोलतात, दोघंही एकमेकांची माफी मागतात. तिची कुणीच मागत नाही. त्या रात्री घरात काय झालं, हे सांगणाऱ्याला विचारावंसं वाटलं नाही. आख्यानाला त्याची गरज नसते.

आणखी एक. ती कूपनं पोलच्या गणितामुळेच गेली, असं लेखात कुठे सिद्ध केलेलं नाही. गणित झालं, वर्षभरानं बाप दुकानात आला, असा क्रम आहे. कार्यकारणाची गाठ वाचणाऱ्यानं मारायची. आणि संपूर्ण लेखात नाव, वय, गाव असलेली एक गिऱ्हाईक आहे. जेनी वॉर्ड, वय २३, राहणार अटलांटा. तिनं मार्चमध्ये कोकोआ बटरचं लोशन, डायपर मावतील एवढी मोठी पर्स, झिंकच्या गोळ्या आणि झगझगीत निळी सतरंजी घेतली, म्हणजे ती गरोदर असण्याची शक्यता ८७ टक्के. ही जेनी काल्पनिक आहे, लेखात तसं लिहिलेलंच आहे, उदाहरणापुरती रचलेली. खऱ्या मुलीला नाव नाही आणि रचलेल्या बाईच्या सतरंजीचा रंगसुद्धा माहीत आहे. सबंध लेखात मी सगळ्यांत जास्त वेळ या जागी थांबलो.

८७ टक्क्यांचा हिशोबही करून पाहावा. अशा शंभर जेन्यांपैकी तेराजणी गरोदर नसतात. कुणाला मूल हवं असून होत नसेल, कुणाचं नुकतंच गेलं असेल, कुणी बहिणीसाठी खरेदी करत असेल. कंपनीला या तेराजणींचा खर्च म्हणजे तेरा कूपनांची छपाई. माझं रोजचं काम याच हिशोबावर चालतं. एकाच ऑफरचे दोन मजकूर लिहायचे, थोड्या थोड्या लोकांना पाठवायचे, जो जास्त उघडला जाईल तो उरलेल्या सगळ्यांना. याला ए/बी टेस्ट म्हणतात, आणि आख्यानातल्या चमत्कारांपेक्षा कंपन्यांचं बरंचसं शहाणपण या कंटाळवाण्या तुलनेतून येतं. ती उपयोगी आहे, यात शंका नाही. माझी लाडकी वाक्यं तिनं बेधडक मारली आहेत आणि बहुतेक वेळा बरोबर मारली आहेत. पण ती मोजते उघडणाऱ्यांना. ज्यानं कपाळाला आठी घालून नोटिफिकेशन बाजूला सारलं, तो आमच्या तक्त्यात 'उघडलं नाही' एवढाच असतो.

टार्गेटच्या गोष्टीचा खरा शेवट सांगणारे गाळतात. बायकांना आपलं गुपित दुकानाला कळल्याचं आवडत नाही, हे कंपनीच्या लक्षात आलं. तेव्हा तिनं पाळत थांबवली नाही. डायपरच्या शेजारी गवत कापायचं यंत्र छापलं, बाळाच्या कपड्यांशेजारी वाइनचे ग्लास. म्हणजे सगळं कसं योगायोगानं आल्यासारखं दिसावं. आणि ड्युहिग विचारायला मुख्यालयात गेले, तेव्हा त्यांना आत सोडलं नाही. प्रवेश न देण्याच्या माणसांच्या यादीत त्यांचं नाव होतं.

२०१२मध्ये जे लपवायचं होतं ते पाच वर्षांत मिरवायचं झालं. डिसेंबर २०१७मध्ये नेटफ्लिक्सनं ट्विटरवर ५३ प्रेक्षकांची फिरकी घेतली: गेले अठरा दिवस रोज तोच नाताळचा सिनेमा बघताय, कुणी दुखावलंय तुम्हाला? लोक हसले, थोडे चिडलेही. आता आपण वर्षअखेरीला स्पॉटिफायनं बनवलेलं आपलंच प्रगतिपुस्तक स्टेटसला लावतो. मीही लावतो, छान दिसतं. पण या विनोदाला एक अट आहे: तुमचं बरं चाललेलं असलं पाहिजे.

त्यानंतर वर्षभरानं, डिसेंबर २०१८मध्ये, 'वॉशिंग्टन पोस्ट'मधल्या जिलियन ब्रॉकेल यांनी टेक कंपन्यांना खुलं पत्र लिहिलं. त्यांचं बाळ पोटातच दगावलं होतं. पत्राचा युक्तिवाद सरळ आहे. मी गरोदर आहे हे तुम्ही ओळखलंत, त्यात नवल नाही. मी हॅशटॅग वापरले, कपड्यांच्या जाहिरातींवर क्लिक केलं. मग बाळ हलत नाही म्हणून मी शोधलं, ते दिसलं नाही? नंतरची माझी शांतता? दुःखाची बातमी देणारी पोस्ट आणि तिच्याखालचे रडके चेहरे? जाहिराती येत राहिल्या. 'ही जाहिरात नको' असं दाबून कारण दिलं, तेव्हा यंत्रानं अर्थ लावला की बाळंतपण झालं, आणि स्तनपानाच्या कपड्यांच्या जाहिराती सुरू झाल्या.

टार्गेटच्या आख्यानात जी गप्प होती ती जागा इथे बोलते. त्याच वस्तू, तेच गणित, फक्त सांगणारी बदलली, तर तीच गोष्ट ऐकवत नाही. चमत्कार तर कुठे उरतच नाही. यंत्राला कळत नव्हतं असंही ब्रॉकेल म्हणत नाहीत. खरेदी होण्यासारखं आहे तेवढंच कळून घेण्यासाठी ते बांधलेलं आहे, असं मला त्यातून दिसतं. फेसबुकच्या जाहिरात विभागाच्या अधिकाऱ्यानं माफी मागितली आणि सांगितलं की पालकत्वासारख्या क्लेशदायक विषयांच्या जाहिराती बंद करायचं सेटिंग आहे, त्यात सुधारणा हवी.

दोन्ही मजकूर इंग्रजीत आहेत. ड्युहिगचा लेख लांब आहे, अर्धा-पाऊण तास जाईल. ब्रॉकेल यांचं पत्र दोन-तीन मिनिटांचं. पुढच्या वेळी कुणी स्लाइडवर ते आख्यान लावलं, की हॉलमध्ये बसल्या बसल्या फोनवर वाचून होईल.