श्रीमंत बोर्ड, रिकामं कपाट : प्रश्नच चुकला असेल तर?

मी मिहानमध्ये खोली करून राहतो. जामठ्याला मॅच असली की वर्धा रोड तुंबतो आणि आमच्या मेसमध्ये एक वाद ठरलेला असतो: जगातलं सगळ्यात श्रीमंत क्रिकेट बोर्ड आपलं, मग ऐन मोक्याला आपण गळपटतो कसे? २०२४ आणि २०२५ मध्ये दोन कप आले, तरी वाद मिटला नाही. 'मग इतकी वर्षं का लागली' असं त्याला नवं शेपूट फुटलं. तुमच्यापैकी जे पेट-नेटची तयारी करताहेत, सिनॉप्सिस लिहिताहेत, त्यांनी हा वाद एकदा नीट उलगडून बघावा. बिघडलेला रिसर्च प्रश्न कसा दिसतो, ते यात चांगलं कळतं.

सुरुवात जामठ्यापासूनच करू. १५ मार्च २०१६, टी-ट्वेंटी वर्ल्ड कप. न्यूझीलंड १२६. आपण ७९ ऑलआउट. न्यूझीलंडने साउदी आणि बोल्ट दोघांनाही बाहेर बसवून तीन स्पिनर खेळवले आणि सँटनरने ११ धावांत ४ विकेट काढल्या. मी तेव्हा बीएस्सीला होतो. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये प्रत्येकाकडे कारण तयार: पैशाने माजलेत, आयपीएलने बिघडवलंय, प्रेशर झेपत नाही. गंमत म्हणजे चारच महिने आधी, नोव्हेंबर २०१५ मध्ये, याच मैदानात आपण दक्षिण आफ्रिकेला तीन दिवसांत हरवलं होतं. ती खेळपट्टी इतकी फिरली की आयसीसीने तिला 'खराब' शेरा दिला. तेव्हा पैसा नव्हता का? आयपीएल नव्हती का?

ही पहिली गोष्ट लक्षात घ्या. जे कारण हरतानाही हजर असतं आणि जिंकतानाही, ते एकटं त्या दोन निकालांतला फरक समजावू शकत नाही. आयपीएल २००८ पासून आहे. त्यानंतर आपण २०११ जिंकलो, २०१३ जिंकलो, मग दहा स्पर्धा कोरड्या गेल्या, मग २०२४ जिंकलो. आयपीएल सगळीकडे आहे.

फुटबॉलमध्ये हाच वाद इंग्लंडबद्दल चालतो. प्रीमियर लीगमध्ये पैशाचा पूर, पण पुरुषांचा वर्ल्ड कप एकच, १९६६ चा. सायमन कूपर आणि स्टीफन शिमान्स्की यांनी २००९ मध्ये 'सॉकरनॉमिक्स' लिहिलं. इंग्लंडमध्ये ते 'व्हाय इंग्लंड लूज' या नावाने आलं. त्यांनी 'का हरतात' च्या आधी 'किती जिंकायला हवं होतं' हे विचारलं. लोकसंख्या, दरडोई उत्पन्न आणि आंतरराष्ट्रीय सामन्यांचा अनुभव हे तीन घटक धरून अपेक्षा काढली, तर इंग्लंड साधारण अपेक्षेइतकंच खेळतं. अपयश नव्हतंच, अपेक्षा फुगलेली होती. पुस्तकाची ही चाल मला फार आवडते.

पण ती उचलून क्रिकेटला चिकटवू नका. एक तर त्यांचं 'उत्पन्न' म्हणजे देशातल्या माणसाचं उत्पन्न, बोर्डाची तिजोरी नव्हे. आपल्याकडे दरडोई उत्पन्न कमी आणि बोर्ड गडगंज, म्हणजे 'श्रीमंत' या एका शब्दात दोन वेगळे व्हेरिएबल लपलेत. सिनॉप्सिसमध्ये असा शब्द आला की समजा व्हायव्हात तिथेच पकडणार. दुसरं, फुटबॉल दोनशेच्या वर देश खेळतात, क्रिकेटचे दमदार संघ दहा-बारा. एवढ्या डेटावर तीन घटकांचं मॉडेल लंगडतं. आणि 'अनुभव' या घटकाबद्दल माझी तक्रार आहेच: जे जिंकतात तेच पुढे जाऊन जास्त सामने खेळतात. म्हणजे कारणात थोडा परिणाम आधीच मिसळलेला.

आता आकडे. २०१३ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीनंतर २०२३ च्या अखेरपर्यंत पुरुषांच्या दहा आयसीसी स्पर्धा, कसोटी चॅम्पियनशिपच्या दोन फायनल धरून. २०२१ चा टी-ट्वेंटी वर्ल्ड कप सोडला तर बाकी नऊ वेळा आपण सेमीफायनल किंवा फायनलमध्ये होतो. प्रत्येक सामना नाणेफेक माना. सात वेळा सेमीपासून पुढे दोन सामने जिंकायचे होते, दोनदा फक्त फायनल. एकही कप न मिळण्याची शक्यता येते साधारण ३ टक्के. बघा, ०.०५ च्या खाली! पेपर पाठवायचा?

थांबा. मी असाच पाठवणार होतो. माझ्या डेटात तापमानाची एक मालिका होती. मी दोन टोकांमधला तुकडा निवडून सुरेख ट्रेंड दाखवला. कमिटीतल्या एका मॅडमनी एवढंच विचारलं, "हा तुकडा कोणी निवडला?" मी निवडला होता, निकाल बघून. सहा महिन्यांचं काम गेलं, प्रकरण नव्याने लिहावं लागलं. त्या रात्री जेवण गेलं नाही.

इथेही तेच आहे. ही दहा स्पर्धांची खिडकी एका विजयानंतर उघडते आणि पुढच्या विजयाआधी बंद होते. ती निकालानेच कापलीय. खिडकी मोठी करा: २००७ च्या वन-डे वर्ल्ड कपपासून मार्च २०२५ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीपर्यंत वीस स्पर्धा, पाच कप. चारात एक. दहा-बारा दावेदारांत हे वाईट कसं?

म्हणून सगळं नशीबच, असंही मी म्हणणार नाही. मला एक शंका पटते. २०२२ च्या सेमीफायनलला ॲडलेडमध्ये बटलर आणि हेल्सने आपल्याला दहा विकेटनी धुतलं. त्याच वर्षी बटलर आयपीएलमध्ये ८६३ धावांसह अव्वल होता, हेल्स बिग बॅशमध्ये खेळलेला. आपल्या पैशाने परदेशी खेळाडू आपल्या बॉलरना ओळखतात, आणि बोर्ड आपल्या चालू खेळाडूंना परदेशी लीग खेळू देत नाही. शिक्षण एकाच बाजूला. प्रीमियर लीगबद्दल इंग्लंडमध्ये थोडी अशीच कुरकुर असते. पण २०२४ ला हीच बंदी असताना आपण जिंकलो, तेव्हा हे फार तर अर्धं कारण.

दुसरी शंका खेळपट्टीची. फार फिरणारी किंवा फार संथ खेळपट्टी दोन संघांतलं अंतर कमी करत असेल, तर बलवान संघाने ती मागणं म्हणजे आपणहून नाणं फेकणं. जामठा २०१६, आणि १९ नोव्हेंबर २०२३ ची अहमदाबादची संथ फायनल, दोन्ही या शंकेला खतपाणी घालतात. पण मला आठवलेली ही दोन उदाहरणं पराभवाचीच आहेत, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. २०१५ ची कसोटी उलट बाजूला उभी आहे. तपासायचं तर घरच्या सगळ्या मॅच घ्याव्या लागतील, जिंकलेल्यासुद्धा. खेळपट्टी किती फिरली याचं माप निकाल न बघता आधी ठरवावं लागेल. ते कसं ठरवायचं, यावर मी आणि माझा रूममेट अजून भांडतोय. स्कोअरकार्ड सगळी ऑनलाइन आहेत. तुम्हाला जमलं तर कमेंटमध्ये टाका, आमचं भांडण मिटेल.