तासावरची सायकल आणि ॲपवरची सायकल

डिसेंबर २०१७ मध्ये पुण्यात विद्यापीठ आणि औंध भागात सार्वजनिक सायकल योजना सुरू झाली. पेडल, ओफो, मोबाईक अशा कंपन्या आल्या. मोबाईलवरून कुलूप उघडायचं, काम झालं की सायकल तिथंच सोडायची. २०१८ मध्येच ओफोनं भारतातून गाशा गुंडाळला. पेडल आणि मोबाईकही फार टिकल्या नाहीत. सायकली मोडल्या, चोरीला गेल्या. लगेच निदान झालं : आपल्या लोकांना शिस्त नाही.

मला हे निदान पटत नाही. आपल्या वसमतसारख्या तालुक्याच्या गावी तासावर सायकल मिळायचीच की! दुकानदार वहीत नाव लिहायचा, ‘कुणाचा रे तू?’ विचारायचा, ब्रेक बघून सायकल हातात द्यायचा. परत आणली की पंक्चरही तोच काढायचा. तिथं सायकलीला वाली होता आणि नेणाऱ्याला ओळख होती. ॲपला नंबर कळला, माणूस कळला नाही.

सामूहिक सायकल फेऱ्यांचंही तेच. नाशिकचे सायकलस्वार दरवर्षी जथ्यानं पंढरपूरची वारी करतात. तिला सोबतीचा आधार आहे. पण टी-शर्ट वाटून, फोटो काढून संपणारी रविवारची फेरी सोमवारी कुणालाच सायकलवर बसवत नाही.

उद्या वसमतला अशी योजना आणायची म्हटली, तर स्टँडवर नि मोंढ्यात सायकली उभ्या करण्याआधी एवढंच विचारा : हवा कोण भरणार? त्या माणसाचा पगार आराखड्यात नसेल, तर ती योजना सायकलींची नाही, उद्घाटनाची आहे.